घरी कल्हई करायची आहे? भट्टी पेटेल, पण शुद्ध कथील मिळेल का?

तांब्या-पितळेची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात आली आहेत, पण कल्हईवाला गल्लीत येईनासा झाला आहे. म्हणून काही हौशी लोक स्वतःच कल्हई शिकू पाहतात. रीलमध्ये कृती सोपी दिसते. भांडं घासायचं, तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची पट्टी टेकवायची आणि कापसाने आतून फिरवायचं. सरावाने हे जमतंही. अडतं ते कथलापाशी.

दुकानात 'टिन' मागितलं तर डबा किंवा पत्रा पुढे येतो. हार्डवेअरच्या दुकानात चकचकीत तार मिळते, पण ती बहुतेक वेळा सोल्डर असते. नेहमीच्या ६०-४० सोल्डरमध्ये ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं. ती रेडिओच्या सर्किटसाठी आहे, आमटीच्या पातेल्यासाठी नाही. 'लेड-फ्री' तारेत शिसं नसलं तरी आत फ्लक्सची रसायनं भरलेली असू शकतात.

शिसं मिसळण्याचा मोह का होतो?

कारण भाव. २०२५ मध्ये जागतिक बाजारात कथील टनाला ३० हजार डॉलरच्या वर होतं आणि शिसं २ हजारांच्या आसपास. म्हणजे किमान पंधरा पट फरक. मध्यम पातेल्याला अंदाजे २५-३० ग्रॅम कथील लागतं असं धरलं, तर एका भांड्यामागे भेसळीतून वाचतात ते फार तर तीस-चाळीस रुपये. पण दिवसाला दहा भांडी करणाऱ्यासाठी ही रक्कम लहान नाही. शिसं मिसळलेलं कथील कमी तापमानाला वितळतं, त्यामुळे काम सोपं होतं आणि चकाकीत फरक सहजी कळत नाही.

कथील महाग होण्याचं कारण आपल्या खिशातच आहे. जगातलं जवळपास निम्मं कथील सोल्डरसाठी, म्हणजे मुख्यतः मोबाइल, कॉम्प्युटर अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी जातं. खाणी मात्र मोजक्या देशांत आहेत. म्यानमारच्या वा प्रांतात ऑगस्ट २०२३ पासून खाणकाम थांबवण्यात आलं. मार्च २०२५ मध्ये काँगोतली मोठी बिसी खाण बंडखोर जवळ आल्यामुळे काही आठवडे बंद राहिली. भारतात छत्तीसगडच्या बस्तर भागात थोडं कथील निघतं, बाकी जवळपास सगळं आयात होतं.

मग धोका किती?

शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं आहे आणि त्यातली २७ कोटींहून जास्त भारतातली आहेत. त्यामागे जुन्या बॅटऱ्यांपासून मसाल्यांतल्या भेसळीपर्यंत अनेक कारणं आहेत. कल्हई त्यातलं एक छोटं कारण असेल, पण चिंच-कोकम घातलेला पदार्थ रोज त्याच भांड्यात शिजत असेल तर ते छोटं राहत नाही. दुसरीकडे, कल्हईच नको असंही म्हणता येत नाही. नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अन्नासाठी अयोग्य, असं अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतच लिहिलं होतं.

घरी तपासता येतं का?

अर्धवट. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली की कुरकुर ऐकू येते. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर करडी रेघ ओढतं. कथील २३२ अंशांना वितळतं, तर शिसं मिसळलेलं १८३ अंशांपासूनच मऊ पडू लागतं. पाण्यात बुडवूनही बघता येतं. १०० ग्रॅम कथील साधारण १३.७ मिलिलिटर पाणी बाजूला सारतं, तेवढंच ६०-४० सोल्डर ११.७. पण भेसळ एक टक्का असेल तर आकडा १३.६५ येतो आणि घरच्या मापाने हा फरक पकडणं अशक्य आहे. या सगळ्या युक्त्या ढोबळ फसवणूकच पकडतात. नेमकं प्रमाण हवं असेल तर एक्स-रे पद्धतीने धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तुकडा द्यावा लागतो.

मिळवायचं कुठून?

मुंबईत गुलालवाडी-किका स्ट्रीट परिसरात धातूचे व्यापारी आहेत. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करता येते. अडचण अशी, की कारखान्याची लगड साधारण २५ किलोची असते आणि हौशी माणसाला हवं असतं पाव किलो. शुद्धतेचा दाखला लगडीसोबत राहतो, हातात येते ती पुन्हा ओतलेली निनावी पट्टी. त्यामुळे ओतलेली पट्टी टाळून लगडीचाच कापलेला तुकडा मागावा, त्याची शुद्धता किमान ९९.८५ टक्के असावी आणि ती बिलावर लिहून घ्यावी. चार-पाच जणांनी मिळून घेतलं तर व्यापारीही ऐकतो. दुसरा रस्ता प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांचा. तिथे कथलाचे दाणे छोट्या बाटलीत मिळतात. महाग पडतात, पण शुद्धता लेबलवर छापलेली असते आणि शिशाची कमाल मात्राही सहसा दिलेली असते. ती वाचूनच बाटली घ्यावी.

नवसागर त्यामानाने सोपा आहे. जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. फक्त एकदम किलोभर मागू नये. गावठी दारूच्या भट्ट्यांवरच्या छाप्यांत गुळासोबत नवसागरही सापडत असल्याने दुकानदार आधी निरखून बघतो. शिवाय तापल्यावर त्याचा पांढरा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, म्हणून पहिला प्रयोग बंद स्वयंपाकघरात नव्हे तर अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून करावा.