वेडाची गोळी

चप्पल पायातून गळून पडली, ते काकीला कळलंच नाही. तशीच अनवाणी ती बांधावरून घरी आली. ओटीवर रक्ताचे ठसे उमटले तेव्हा सून ओरडली. स्तनाच्या कॅन्सरसाठी परळला केमो झालेली. त्यातल्या पॅक्लिटॅक्सेलने पायांच्या नसा खाल्ल्या. स्पर्श कळत नाही आणि आग मात्र रात्रभर, तळव्यांना मिरची चोळल्यागत. ब्लाउजचे हूकही सुनेने लावायचे.

डॉक्टरांनी ड्युलॉक्सेटीन दिलं. आठवडाभर ३० मिलिग्रॅम, मग ६०. शेजारच्या शिकलेल्या पोराने मोबाइलवर नाव शोधलं, ‘नैराश्यावरचं औषध’ एवढंच वाचलं आणि दिवे लागायच्या आत वरंध गावभर झालं: काकीला वेडाच्या गोळ्या चालू आहेत. नातीला स्थळं बघत होते. पाकीट चुलीत गेलं. असं औषध एकदम तोडायचं नसतं, हळूहळू उतरवायचं असतं. काकी चक्कर येऊन खाटेला खिळली, तर म्हणे, बघा, गोळीच बाधली!

मेंदूकडून खाली मज्जारज्जूत दुखणं दाबणारे जे निरोप येतात, ते सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनच्या जोरावर. हे औषध ती दोन्ही टिकवून धरतं. २०१३ साली अमेरिकेत अशाच दुखण्याच्या २३१ रुग्णांवरची या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. ५ आठवड्यांत औषधवाल्यांपैकी ५९ टक्क्यांचं दुखणं थोडंफार उतरलं, बिनऔषधाची कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांचं. जादू नव्हे. पण काकीला कदाचित रात्रीची चार तास झोप मिळाली असती.

मीही दारोदार सांगत फिरलो, ‘अहो, ही वेडाची नाही, नसांची गोळी आहे.’ आता त्याची लाज वाटते. स्तन गेला, केस गेले, शेत खंडाने गेलं. तिने मनासाठी गोळी घेतली असती, तर काय पाप होतं?

इथून जवळच महाडात २० मार्च १९२७ ला अस्पृश्य ठरवलेली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, म्हणून आपल्याच आजे-पणजांनी तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. आम्ही दरवर्षी तिथे हार घालतो आणि घरी येऊन गोळीचा विटाळ मानतो. बाईने सोसलं की तिला सोशीक म्हणायचं, हा आमचा जुना धंदा. फुकटातलं कौतुक.

परवा नातीला बघायला पाहुणे आले. चहा झाल्यावर मुलाच्या वडिलांनी खिशातून बीपीची गोळी काढली, पाणी मागितलं आणि चारचौघांत घेतली. मधल्या दाराचा पडदा ओढलेला होता. आत काकी ओल्या गोणपाटावर पाय ठेवून बसली होती.