आधी परिमाण, मग सामान

दिवाळी आटोपून तुळशीचे लग्न लागले की परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील आपल्या घरांतून एक चर्चा हमखास सुरू होते : नवी सून येण्याआधी घर नीट करावयाचे. पूर्वी ही चर्चा रंग-सफेदीवर आणि फार तर एखाद्या कपाटावर संपत असे. आता ती मोबाइलवरील चित्रांपासून सुरू होते. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाचे मेज, बारीक पायांच्या खुर्च्या आणि भोवताली पुष्कळशी मोकळी जागा. या शैलीला स्कँडिनेव्हियन म्हणतात, असे मुले सांगतात. आणि लगेच पुढचे वाक्य येते, ‘रात्रीच्या गाडीने हैदराबादला जाऊ आणि एका दिवसात सगळे ठरवून येऊ.’

हैदराबाद आपल्या जिल्ह्याला परके नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत परभणी हैदराबाद राज्यातच होती. योगायोग असा की, स्वीडनच्या आयकिया कंपनीने भारतातील आपले पहिले दुकान तेथेच, ९ ऑगस्ट २०१८ रोजी उघडले. नवी मुंबईत तुर्भे येथील दुकान त्यानंतर, डिसेंबर २०२० मध्ये आले. हैदराबादचे दुकान सुमारे ४ लाख चौरस फुटांचे. उघडले तेव्हा तेथे साडेसात हजारांच्या आसपास वस्तू होत्या आणि त्यांतील हजारभर दोनशे रुपयांच्या आतील. एवढ्या दालनांतून फिरताना हात आखडता राहणे कठीण. म्हणून समोरच्या व्यापाऱ्याची रीत समजून घेतल्यावाचून सौदा करू नये, हा आपल्या पेढीवरचा नियम येथेही लावावा.

ही कंपनी इंगवार काम्प्राद यांनी १९४३ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी सुरू केली. त्यांचा स्मोलांड हा प्रांत दगडाळ जमिनीचा. काटकसर ही तेथील लोकांची गरज होती. १९५६ च्या सुमारास त्यांच्याकडील गिलिस लुंडग्रेन यांनी एक मेज मोटारीत मावेना म्हणून त्याचे पायच काढून ठेवले. त्यातूनच सुटे भाग सपाट खोक्यात भरून विकण्याची पद्धत या कंपनीत रुजली. उभे मेज गाडीत जी जागा अडविते तीत बहुतांशी हवाच असते, आणि त्या हवेचेही भाडे ग्राहकालाच भरावे लागते. तो खर्च वाचला. जोडणीची मजुरीही वाचली. कारण जोडणी ग्राहकानेच करावयाची. तेथे वस्तूची किंमत आधी ठरते आणि त्या किमतीत बसेल अशी वस्तू मागाहून घडविली जाते. व्यापारी म्हणून आपण या हिशेबाला दाद दिली पाहिजे. मात्र ग्राहक म्हणून ध्यानात ठेवावे की, स्वस्ताईचा काही भाग आपल्याच श्रमातून आणि काही भाग लाकडी चुऱ्याच्या दाबलेल्या फळीतून, म्हणजे पार्टिकल बोर्डातून, आलेला असतो.

आता शैलीविषयी. डिसेंबरच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो. त्या मिणमिणत्या उजेडाचा कणन् कण घरात खेळावा म्हणून भिंती पांढऱ्या, लाकूड फिकट आणि खिडक्या मोठ्या. त्याच दिवशी परभणीत सूर्य सुमारे अकरा तास असतो, आणि मे महिन्यात त्याला घराबाहेर कसे ठेवावे हीच विवंचना असते. आपल्या पूर्वजांनी जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर मातीचे माळवद असे घर बांधले ते याच कारणासाठी. तेव्हा चित्रात पाहून पश्चिमेच्या भिंतीला मोठी काच लावणे म्हणजे स्वीडनचा उपाय मराठवाड्याच्या दुखण्याला लावणे होय. उन्हाळ्यातील धूळ, पावसाळ्यातील ओल आणि वाळवी यांचाही विचार त्या फळीने केलेला नसतो. ओल लागलेली पार्टिकल बोर्डाची कड फुगते आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. स्वयंपाकघरात व न्हाणीघराच्या भिंतीलगत ती फळी टाळावी. तेथे आयएस ७१० शिक्क्याचा पाणीरोधक प्लायवूड सुताराकडून बसवून घ्यावा.

त्याच चित्रांत खुर्चीच्या पाठीवर मेंढीचे केसाळ कातडे टाकलेले दिसते. ते आपल्या घरात येणार नाही, हे सांगण्याची गरज नाही. परंतु सोफ्याचे आवरण चामड्याचे आहे काय, उशीत पिसे भरली आहेत काय, हे वरून दिसत नाही. चिठ्ठी वाचूनच वस्तू उचलावी.

मग त्या शैलीतून घ्यावे काय? घेण्यासारखे पुष्कळ आहे. वस्तू मोजक्या असाव्यात, रोजच्या वापराची वस्तूही देखणी असावी, आणि जे सामर्थ्य बांधणीत आहे ते नक्षीखाली झाकू नये. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९४९ साली आखलेल्या एका प्रसिद्ध खुर्चीची बैठक कागदी दोरीने हातांनी विणतात. एका खुर्चीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. जगभर वाखाणली गेलेली ती विणलेली बैठक पाहिली की आपल्या अंगणातील सुंभाची बाज आठवल्यावाचून राहत नाही. तीच बाज आपण माळ्यावर टाकून दिली आहे.

आता हिशेब. समजा, तयार मेज ६,००० रुपयांना मिळाले आणि सहा वर्षे टिकले, तर वर्षाला १,००० रुपये पडले. सागवानी मेज सुताराकडून २४,००० रुपयांना करून घेतले आणि ते चाळीस वर्षे चालले, तर वर्षाला ६०० रुपये. सागवान स्वस्त ठरले, परंतु केव्हा? चाळीस वर्षे त्या घरात कोणी बसणार असेल तेव्हा. मुलगा पुण्यात भाड्याच्या सदनिकेत राहतो, तीन वर्षांनी बंगळुरूला जाईल, त्याच्यासाठी सुटे होणारे हलके मेजच योग्य. सेलूच्या घरासाठी मात्र उत्तर निराळे. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातल्यांनी एकमेकांना विचारण्याचा प्रश्न रंगाचा वा आकाराचा नाही. या घरात पुढली वीस वर्षे कोण राहणार, हा आहे. हा प्रश्न अवघड आहे, आणि बहुधा म्हणूनच आपण तो टाळून पडद्यांच्या रंगावर बोलत राहतो. मुलाला परत यावयाचे नसेल, तर आई-वडिलांनी त्याच्या आवडीचे घर सजवून वाट पाहत बसू नये. आणि त्याला यावयाचे असेल, तर त्यानेही ते स्पष्ट सांगावे.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत बैठकीच्या खोलीत आजोबांची गादी आणि लोड-तक्के असतात. याच गादीवर बसून त्यांनी कापसाचे सौदे केले, सोयरिकी जुळविल्या. नव्या सोफ्यासाठी ती गादी मागच्या खोलीत जाते आणि तिच्यामागोमाग आजोबाही मागच्या खोलीत जातात; पाहुणे आल्याचे त्यांना आवाजावरून कळते. मोकळी जागा ठेवणे हाच या शैलीचा गाभा असेल, तर स्वच्छ पांढऱ्या खोळीची बुटकी बैठक तीत शोभून दिसेल. गुडघे दुखत असतील तर जमिनीपासून अठरा इंच उंचीची, हात असलेली, फार खोल नसलेली खुर्ची त्यांना स्वतः बसवून पाहूनच घ्यावी. खोल सोफ्यातून उठताना वडीलधाऱ्यांना हात मागावा लागू नये.

आपल्या पाच अणुव्रतांतील एकाचे नावच परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. हैदराबादची तिकिटे काढण्याआधी टेप घेऊन खोली मोजा, दाराची रुंदी आणि जिन्याचे वळण मोजा. घरात आज असलेल्या लाकडी सामानाची यादी करा आणि त्यातील काय दुरुस्त होईल ते गावातील सुताराला दाखवा. उरेल तेवढीच यादी कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि ती यादी करताना आजी-आजोबांना शेजारी बसवून घ्या.