ब्रासच्या हिशेबात नसलेली माती

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सोयाबीनच्या राशी उरकत आलेल्या असतील आणि पावसाळ्यात थांबलेली पोकलेन यंत्रे पुन्हा माळावर चढू लागली असतील. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत रस्ते, पूल, घरकुले यांची कामे दिवाळीनंतरच जोर धरतात. तुळजापूर–लातूर–नांदेड हा चांगला रस्ता आपल्यालाच हवा होता. त्याला मुरूम, खडी, वाळू लागणारच. आमची तक्रार त्याबद्दल नाही. मागणी एवढीच, की एखाद्या टेकाडाला किंवा नदीकाठच्या थराला यंत्र लागण्याआधी जाणत्या माणसाने ते शिवार एकदा पायी फिरून पाहावे. परवानगीत गट क्रमांक येतो, किती ब्रास उचलायचे ते येते, रॉयल्टी येते. मातीत काय आहे हे पाहण्याची रीत आपल्याकडे पडलेली नाही.

काय असू शकते? लातूर जिल्ह्यात हरवाडीजवळ मांजरेच्या जुन्या थरांत हत्ती आणि पाणघोड्यांची दगड झालेली हाडे मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी हे खोरे त्यासाठी पालथे घातले. ज्या लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या नदीत एके काळी पाणघोडे डुंबत होते, म्हणजे डोह बारमाही भरलेले होते. ही हाडे सापडतात ती गोट्यांच्या आणि वाळूच्या थरांत, म्हणजे ठेकेदाराला हव्या असलेल्या मालातच. नेवाशाला प्रवरेच्या अशाच थरातून पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५०च्या दशकात अश्मयुगीन हत्यारे ओळखली. नुसती हाताने उचलून घरी नेलेली हाडे फारसे सांगत नाहीत. कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावर सारे अवलंबून असते. हायवा ट्रकमध्ये भरलेल्या मालाला थर उरत नाही.

दुसरा धोका पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाला. आपल्या जुन्या गावांच्या पांढरीतून पिढ्यान्‌पिढ्या माती नेली गेली, धाब्यावर टाकायला आणि शेतात खत म्हणून. फावड्याने जे शतकात उकरले जाई, ते यंत्र दोन दिवसांत सपाट करते. शेजारच्या तेरला, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, म्हणून आज तिथे संग्रहालय उभे आहे. पण प्रत्येक गावाला लामतुरे लाभत नाहीत. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवत आणि कंधारला त्यांच्यातल्या तिसऱ्या कृष्णाचे नाव जोडलेले आहे. अशा मुलखात नोंद न झालेली पांढर किती गावांत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या गावावरून करावा.

हे केवळ इतिहासप्रेमींचे काम आहे असे कुणाला वाटेल. त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ आठवावा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा या भागाला भूकंपाचा धोका जवळपास नाहीच, असे मानले जात होते. नंतर भूवैज्ञानिकांनी तेरच्या परिसरातले मातीचे थर तपासले आणि सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या धक्क्याच्या खुणा तिथे असल्याचे मांडले. ती सूचना जमिनीत होती. ते थर आधीच मुरमात गेले असते तर?

कायदा आहे, पण अपुरा. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यात २०१०मध्ये दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी, पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आले. यादीत नसलेल्या पांढरीला त्याचा उपयोग नाही. १८७८चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो, तोही सापडल्यानंतर. इंग्लंडमध्ये १९९०पासून खाणीची परवानगी मागणाऱ्यालाच पाहणीचा खर्च सोसावा लागतो. कामाआधी जमीन तपासणे आपणही करून दाखवले आहे: नागार्जुनसागरचे पाणी चढण्याआधी, १९५४ ते १९६०, नागार्जुनकोंड्याचे उत्खनन झाले. मोठ्या धरणासाठी जे जमले ते पाच एकरांच्या खाणीसाठी छोट्या प्रमाणात जमावे. रॉयल्टीतला थोडा वाटा त्यासाठी ठेवावा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातली भूशास्त्राची आणि इतिहासाची मुले तलाठ्याबरोबर शिवारात जाऊ शकतात. खापरांचा खच, राखेचा थर, हाडे दिसली तर तेवढा तुकडा सोडून बाजूला खणता येते.

या अंकातले लेख याच मागणीला धरून मागवले आहेत. आता वाचकांकडे एक काम. दिवाळीला गावी गेलात की पांढरीवर एक चक्कर मारा. काही उचलू नका. गावाचे नाव, गट क्रमांक, दिसलेल्या खापरांचे छायाचित्र आणि जवळपास खाण सुरू आहे का, एवढे आम्हाला कळवा. मार्चपर्यंत आलेल्या नोंदींची तालुकावार यादी करून ती आम्ही नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागात देणार आहोत.