अन्याय कोणता, ते नेमके सांगा

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही शहापूर तालुक्यातील मोर्चांची घोषणा जुनी आहे आणि तिच्यातील संताप रास्त आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले, वैतरणेवरील मोदक सागर १९५७ मध्ये; मुंबईच्या पाण्यातील जवळपास निम्मा वाटा आज एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरसाठी हंड्यांची रांग लागते.

परंतु ही घोषणा ‘शहापूरवरील अन्याय दूर व्हावा’ अशा शब्दांत निवेदनात उतरली, की शासनाचे काम सोपे होते. या वाक्याला कोणी नाही म्हणत नाही. म्हणूनच त्याला उत्तरही द्यावे लागत नाही. ‘सहानुभूतीपूर्वक विचार करू’ एवढ्यावर भागते.

वस्तुतः त्यात तीन निराळी विधाने आहेत. धरणग्रस्तांचे पुनर्वसन अपुरे झाले, हे एक. त्याला जमिनीचे कागद लागतात. जलाशयाच्या पाण्यावर काठच्या पाड्यांचा हक्क शहराच्या आधीचा, हे दुसरे. येथे ‘पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम’ एवढे म्हणून चालणार नाही, कारण मुंबईचे पाणीही बरेचसे पिण्याचेच आहे. ते पाणी पाड्यापर्यंत नेणे शक्य आहे, हे तिसरे. प्रतिपक्ष बोट ठेवतो ते या तिसऱ्यावर: पाडे उंचावर, जलाशय खाली, पाणी चढवणे परवडत नाही. आपण उत्तर देतो ते पहिल्याचे. आवाज तेवढा चढतो.

वास्तविक उत्तर सोपे आहे. भातसाचे पाणी मुंबईलाही आपोआप जात नाही. ते नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथे पंपांनी उचलले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील रोहित्राला आग लागताच मुंबईत पाणीकपात करावी लागली. तेव्हा ‘परवडत नाही’ याचा अर्थ ‘या लोकांसाठी परवडत नाही’ एवढाच उरतो. शिवाय इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना शासनानेच मान्य केलेली आहे.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावात पाड्याचे नाव, धरणाचे नाव, तारीख आणि माणशी रोज ५५ लिटर हे जलजीवन मिशनचेच प्रमाण लिहावे. आणि पाणी उचलावे लागणार असेल तेथे तो खर्च मुंबई महानगरपालिकेने सोसावा, असेही. अशा ठरावाला नकार देणाऱ्याकडे लेखी कारण मागता येते. खर्चाचे कलम मुंबईच्या चाळींतील आपल्या साथींना कदाचित रुचणार नाही. त्यांच्याशी ही चर्चा निवेदन देण्यापूर्वीच झाली पाहिजे.