सहा आणि पंधरा

जो माल देशात खपलाच नाही, त्यावर आयात शुल्क कशासाठी? हा प्रश्न जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात या शुल्क परताव्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. आपल्याकडे १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात त्यासाठी दोन कलमे आहेत. आयात केलेला माल जसाच्या तसा परदेशी पाठवला तर कलम ७४. आयात कच्च्या मालातून वस्तू घडवून ती निर्यात केली तर कलम ७५. न्हावाशेव्याच्या भाषेत दोन्हींचे नाव एकच, ‘ड्रॉबॅक’.

तत्त्व उदार आहे. सरकारचा हात आखडतो तो हिशेबाला बसल्यावर. समजा, चाकणच्या कारखानदाराने जर्मनीहून यंत्र आणले आणि न वापरता परत पाठवले. शुल्क भरल्यापासून दोन वर्षे उलटायच्या आत निर्यातीचे कागद दाखल व्हायला हवेत आणि आलेले यंत्र तेच हे, हे ओळखपरेडीत सिद्ध व्हायला हवे. मग ९८ टक्के शुल्क परत. उरलेले दोन टक्के दक्षिणा समजून सोडून द्यायचे. यंत्र सात महिने चालवले असेल तर ७५ टक्के. दीड वर्षाहून अधिक चालवले तर शून्य. यंत्राची झीज होते, तेव्हा हेही एक वेळ पटते. परतावा पन्नास रुपयांहून कमी निघाला तर तो मागायचाच नाही; हेही क्षम्य.

पटत नाही ते व्याजाचे कलम, ७५ अ. दावा दाखल झाल्यावर सरकारला महिनाभराची बिनव्याजी सवलत. त्यानंतर उशीर झाला, तर सरकार व्याज देते सहा टक्के. तोच परतावा चुकून दिला गेला असे पुढे आढळले, की निर्यातदाराने तो परत करायचा तो पंधरा टक्के व्याजासह. आणि ते व्याज पैसे हाती पडल्या तारखेपासून. चूक हिशेबनिसाची असली तरी. दहा लाखांवर वर्षाचा हिशेब मांडला, तर सरकारचा उशीर साठ हजारांचा आणि निर्यातदाराचा दीड लाखाचा. वाण्याने घेताना एक आणि देताना दुसरे वजन ताजव्यात टाकले, तर त्याला पकडायला वैधमापनशास्त्राचा निरीक्षक येतो. इथे दोन्ही वजनांवर सरकारचाच शिक्का आहे.

जून २०२४ पासून परताव्याची रक्कम संगणकाद्वारे थेट निर्यातदाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागली, हे चांगलेच झाले. पण पैसे वेळेवर देण्याची यंत्रणा तयार असेल, तर उशिराचा दंड वाढवायला अर्थ खात्याने कचरू नये. सहा ठरवा किंवा पंधरा ठरवा. दोघांना दर एकच लावा.