दोन कोटींच्या फोटोमागची बाकी गोष्ट



गेल्या आठवड्यात ग्रुपवर एक फोटो फिरत होता. ‘मच्छीमार संस्थेला दोन कोटी अनुदान, लगेच अर्ज करा!’ खाली ढीगभर अंगठे आणि ‘फॉर्म पाठवा’ची रांग. दोन कोटींचा आकडा खोटा नाही. पण गोष्ट अर्धीच सांगितलीय, आणि राहिलेल्या अर्ध्या गोष्टीत संस्था अडकू शकते. म्हणून हे लिहितोय. जरा लांब आहे, पण वाचा.

ही प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजना. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर केली, मुदत 2023-24 ते 2026-27. एकूण रक्कम 6,000 कोटी. त्यातले 3,000 कोटी सरकारी, आणि त्यात जागतिक बँक आणि फ्रान्सची एएफडी ही संस्था यांचा पैसा आहे. बाकीचे 3,000 कोटी लाभार्थी आणि खाजगी गुंतवणुकीतून येतील असं धरलंय. म्हणजे निम्मी योजना तुमच्या-आमच्या खिशावर उभी आहे. हे त्या फोटोत कुठं होतं?

आता दोन कोटींचं बघू. सहकारी संस्थेला एकूण गुंतवणुकीच्या 35 टक्के किंवा 2 कोटी, यातलं जे कमी असेल ते मिळतं. दोन कोटी पाहिजेत तर पावणेसहा कोटींच्या आसपास गुंतवणूक पाहिजे. आपण कुठं, पावणेसहा कोटी कुठं! बरं, आपल्या मापानं वीस लाखांचं काम धरू. बर्फाच्या पेट्या, एक गाडी, साफसफाईची शेड. त्यावर जास्तीत जास्त सात लाख. आणि या अनुदानाचं नावच ‘कामगिरीवर आधारित’ आहे. आधी खर्च करा, काम करून दाखवा, मग पैसे. तोवर वीस लाख कोण घालणार? पतसंस्था? सावकार? त्या व्याजाचा रकाना अर्जात नाही.

मी योजनेच्या विरोधात नाही, गैरसमज नको. आधी पैसे वाटून मग कामाची वाट बघायची, असल्या योजनांचं काय होतं ते आपण बघितलंय. टाक्या बांधल्या, त्यात आता शेळ्या बसतात. पैसा निकालाशी बांधण्यात देणाऱ्याचा शहाणपणा आहे. फक्त तो शहाणपणा त्याचा आहे, एवढं लक्षात ठेवा. काम फसलं तर त्याचा पैसा गेलेलाच नसतो.

जागतिक बँक कुठल्याही प्रकल्पाआधी जोखमीचा एक तक्ता भरते. 2014 पासून ही पद्धत आहे. नऊ रकाने: राजकारण, देशाची अर्थस्थिती, राबवणाऱ्या खात्याची कुवत, पैशाचा हिशेब, पर्यावरण वगैरे. प्रत्येकापुढे दर्जा, कमी ते जास्त असा चार पायऱ्यांचा. एवढी मोठी बँक, कोट्यवधी डॉलरवाली, ती तक्ता भरल्याशिवाय पुढं जात नाही. आणि आपण? फोटो बघून फॉर्म मागतो.

आपला तक्ता भरायला बसलो तर पहिली ओळ पाण्याची. 2019 च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात काय झालं ते सांगायला नको. तलाव भरून वाहिला की बोटुकली सांडव्यावरून खाली जातात, जाळी लावून किती अडवणार? आणि 2023 ला बरोबर उलट, दुष्काळ. मासा वाढायच्या आधी पाणी तळाला. दोन्ही वर्षांत बिजाचे पैसे आपणच दिलेले.

त्यावर योजनेत विमा आहे, मान्य. जास्तीत जास्त चार हेक्टर जलक्षेत्रापर्यंत. हप्त्याच्या 40 टक्के सरकार देणार, हेक्टरी 25,000 पर्यंत, एका शेतकऱ्याला कमाल एक लाख. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना त्या रकमेवर आणखी 10 टक्के. चांगलंय. पण हे प्रोत्साहन एकदाच आहे. समजा दोन हेक्टरचा हप्ता 30,000 आला, तर पहिल्यांदा 12,000 सरकारचे, 18,000 आपले. पुढच्या हंगामात अख्खे 30,000 आपले. पूर काय एकदाच येतो काय? आणि अर्जाआधी हे लेखी विचारा, की ठेक्यानं घेतलेल्या तलावाला हा विमा बसतो का, की स्वतःच्या शेततळ्यालाच. तोंडी ‘बसतंय की’ चालणार नाही.

दुसरी ओळ ठेक्याची. योजनेची मुदत मार्च 2027 ला संपते. ज्यांचा ठेका त्याआधी संपतो त्यांनी तलावावर शेड उभारून उपयोग काय? पुढच्या लिलावात दुसरा आला तर शेड त्याला मिळेल, कर्ज आपल्याकडे राहील.

हे नवं नाही. कर्नाटकात जागतिक बँकेच्या मदतीनं 2002 ते 2012 जलसंवर्धन योजना संघाचं तलाव दुरुस्तीचं काम चाललं. अट होती, गावात तलाव वापरणाऱ्यांची समिती करा, नोंदणी करा, गावाचा वाटा भरा. अट वाईट नव्हती. पण असल्या समितीत जमीनवाले जास्त आणि जाळंवाले एक-दोन, मग पाणी किती राखायचं, मासेमारी कोणाची, हे कोण ठरवणार? अट वाचताना ‘समिती’ हा शब्द दिसला की तिथं आपल्या किती खुर्च्या आहेत हे आधी मोजा.

आणि आपल्या सीमाभागाची खास भानगड. निपाणीकडचे पाहुणे कागलहून ‘स्मार्ट’चा फॉर्म पाठवतात. तोही जागतिक बँकेच्या कर्जावरचा, पण महाराष्ट्र सरकारचा प्रकल्प आहे. सांबरा असो की निपाणी, आपण कर्नाटकात. तो फॉर्म इथं चालत नाही. आणि आपल्याकडं आलेला कागद कन्नडात किंवा इंग्रजीत. सही करणारी आमची म्हातारी माणसं मराठीच वाचतात. मागच्या एका योजनेत अशीच सही झाली, आणि वसुलीची नोटीस आल्यावर कळलं की खाली वैयक्तिक हमी होती.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. अटी फक्त आपल्यावर नसतात. बँक सरकारलाही अटी घालते. 2018 पासून तिच्या गुंतवणूक प्रकल्पांना जी सामाजिक-पर्यावरण चौकट लागू आहे, तिच्यात लोकांना समजेल अशा स्थानिक भाषेत माहिती देणं आणि तक्रारीची सोय ठेवणं बंधनकारक आहे. आपल्या योजनेसाठी सरकारनं यातलं काय मान्य केलंय, हे माहिती अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज.

नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्मवरची नोंदणी मात्र करून टाका, सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे. तिच्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. अनुदानाचा अर्ज वेगळा, त्याला थांबा. बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या ठेक्याच्या कराराची झेरॉक्स आणि गेल्या पाच वर्षांचा बिजाचा खर्च घेऊन या. वही नसेल तर आठवून कागदावर लिहा. बायकांच्या गटानंही यायचंय, कारण सूक्ष्म उद्योगाला महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 35 टक्के आहेत, बाकीच्यांना 25.