अंगाई आणि घड्याळ

भाचीची २६ आठवड्यांची रजा संपली आणि तिच्या घरी झोपेचा प्रश्न उभा राहिला. २०१७ साली कायद्याने बारांचे २६ आठवडे केले खरे, पण तेवढ्यात मूल रात्रभर झोपू लागेल अशी हमी सरकारने कोठे दिली आहे? चिरंजीव रात्री चारदा उठत, आणि दर वेळी मांडीच हवी. सकाळी आठला भाचीला कचेरी.

तिने उपाय काढला तो बॉस्टनच्या डॉक्टर फर्बर यांचा. त्यांचे पुस्तक १९८५ चे. मूल पेंगुळले की जागे असतानाच खाली ठेवायचे आणि खोलीबाहेर यायचे. रडले तर तीन मिनिटांनी जाऊन थोपटायचे, उचलायचे नाही. मग पाच मिनिटांनी, मग दहा. कारण मोठे पटण्याजोगे आहे. झोप मधून मधून चाळवते ती सर्वांचीच. पण मांडीवर झोपलेले मूल चाळवते तेव्हा मांडी नाहीशी झालेली असते! आपण पलंगावर झोपून अंगणात जागे झालो, तर आपणही बोंब ठोकूच. सहा महिने पूर्ण झाले होते, वजन चांगले होते. मुलांच्या डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. राईची उशी तेवढी काढायला लावली.

हरकत घेतली ती ताईने. "तुला मी एक रात्र तरी रडत ठेवलं होतं का गं?"

"आई, तेव्हा घरात आठ माणसं होती!"

मी वर्गात पाळण्यांची परंपरा शिकवतो. रामाचा पाळणा, कृष्णाचा पाळणा. पण गाणारीच्या पायाला मुंग्या येतात, हे माझ्या टिपणांत कोठेच नाही.

पहिल्या रात्री घड्याळ माझ्या हाती दिले. तीन मिनिटे गेली, पाच गेली. दहातले सातवे मिनिट चालू असताना ताईने कडीला हात घातला. "आधी तुझ्या लेकीला बघ," मी म्हणालो. भाची न्हाणीघरात नळ सोडून रडत बसली होती. ताईने कडी सोडली आणि नळ बंद केला.

त्या रात्री कोणीच जिंकले नाही. पोराला उचलले.

मग मी वाचनाला लागलो. ही आमची मास्तरकीची खोड. मेलबर्नच्या संशोधकांनी ३२६ मुले सहा वर्षांची होईपर्यंत पाहिली. २०१२ साली त्यांनी लिहिले की, अशा शिकवणीने मुलांचे दूरगामी नुकसान दिसले नाही, आणि दूरगामी फायदाही दिसला नाही. त्यांच्या पद्धतींत एक सौम्य पद्धतही होती : मुलाजवळ बसायचे आणि दोन-तीन रात्रींनी खुर्ची थोडी दूर न्यायची.

खुर्चीऐवजी आमच्याकडे स्वयंपाकघरातले स्टूल आले. पाळणा हलवायचा नाही, या अटीवर ताई त्यावर बसली. तीन आठवड्यांत स्टूल उंबऱ्याशी पोचले. पहाटे चारला एकदा दूध लागते, ते भाचीने मान्य केले आहे.

मूल आता नऊला झोपते. ताई साडेनऊपर्यंत स्टुलावरून उठत नाही.